तोफेच्या पाठीवरचे तीन आकडे

अलिबागच्या समुद्राला ओहोटी लागली की कुलाबा किल्ल्यात पायी जाता येते. गेल्या थंडीत नातवाला घेऊन असाच गेलो होतो. नातू चौथीत, म्हणजे शिवाजी महाराजांचा इतिहास शिकण्याच्या वयात. चपला हातात धरून, घोटाभर पाण्यातून छपछप करत तो पुढे पळत होता आणि ‘हळू रे, हळू’ म्हणत मी मागून. किल्ल्याच्या उत्तर तटावर चाकांच्या गाड्यांवर चढवलेल्या दोन तोफा आहेत. त्याने तिकडे धाव घेतली, एका तोफेला मिठी मारली आणि विचारले, “आजोबा, ही कान्होजी आंग्र्यांची ना?”

‘हो’ म्हणायला मी तोंड उघडलेच होते. तेवढ्यात त्याला तिथली इंग्रजी अक्षरे दिसली. बोट फिरवत, अडखळत त्याने वाचले : लो मूर आयर्न वर्क्स, यॉर्कशायर, इंग्लंड. लो मूरच्या भट्ट्या पेटल्या १७९१ साली. कान्होजी वारले १७२९ मध्ये. ज्या किल्ल्यात बसून त्यांनी इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी या तिघांनाही जेरीस आणले, त्याच किल्ल्याच्या तटावर आज यॉर्कशायरच्या कारखान्याची तोफ आहे, आणि आपण सारे तिच्यापुढे उभे राहून अभिमानाने फोटो काढतो.

“मग आपल्या तोफा कुठायत?” नातवाने विचारले.

“भरती येईल, चल लवकर,” असे म्हणून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न काही मनातून जाईना. आज त्याचेच उत्तर द्यायचा प्रयत्न करतो आहे.

त्याआधी एक जुनी गोष्ट सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्याच दुसऱ्या एका किल्ल्यात झुडपांत पडलेल्या तोफा पाहत हिंडत होतो. काही तोफांच्या पाठीवर तीन आकडे कोरलेले होते, मध्ये छोट्या रेघा. वाटाड्या म्हणाला, “साहेब, हा गुप्त खजिन्याचा आकडा. आजवर कुणाला सुटला नाही.” मी ते आकडे डायरीत टिपून घेतले. परतीच्या एसटीत ते वाचताना लक्षात आले, की मधला आकडा कधीही तिनाच्या वर जात नाही आणि शेवटचा सत्ताविसाच्या वर जात नाही. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केलेला माणूस. नोकरीला लागलो तेव्हा शाखेच्या रेकॉर्डरूममध्ये रुपये-आणे-पैंचे जुने खतावणीचे बाड पडलेले असे. त्यातही आण्यांचा आकडा पंधराच्या आणि पैंचा अकराच्या पुढे जात नसे. म्हटले, हाही तसलाच हिशेब दिसतो. आणि तो तसलाच होता. पहिला आकडा हंड्रेडवेटचा, म्हणजे ११२ पौंडांचा. दुसरा क्वार्टरचा, म्हणजे २८ पौंडांचा. तिसरा सुट्या पौंडांचा. समजा १८-२-१४ असे कोरले असेल, तर त्या तोफेचे वजन २,०८६ पौंड, म्हणजे सुमारे ९४६ किलो.

खजिना निघाला नाही, पण मला खजिन्याहून मोठे काहीतरी सापडले असे वाटले. टनभर वजनाची ओबडधोबड वस्तू, आणि तिचे वजन शेवटच्या पौंडापर्यंत मोजून तिच्याच अंगावर लिहून ठेवलेले! कारखान्याचे पैसे वजनावर चुकवायचे, गाडा वजन पाहून बनवायचा, जहाजावर भार किती हे वजनावरून ठरवायचे. त्याआधी प्रत्येक तोफेत नेहमीपेक्षा जास्त दारू ठासून ती उडवून पाहायची. जी टिकली ती घ्यायची, जी फुटली ती कारखानदाराच्या माथी. प्रत्येक तोफेचे जणू खाते उघडलेले होते.

माझे म्हणणे थोडक्यात असे, की आपल्याकडे शौर्य कमी नव्हते, कारागिरीही कमी नव्हती. कमी होती ती ही खतावणी.

यावर कुणी रागावण्याआधी कारागिरीचा मुद्दा आधी निकालात काढतो. विजापूरच्या बुरुजावर असलेली ‘मलिक-ए-मैदान’ ही तोफ ओतली गेली आपल्या अहमदनगरात, आजच्या अहिल्यानगरात, १५४९ साली. ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी. वजन सुमारे ५५ टन, तोंडाचा व्यास जवळजवळ ७० सेंटिमीटर. एवढे कासे वितळवायचे, अनेक भट्ट्यांतून एका वेळी साच्यात सोडायचे आणि कुठेही पोकळी राहू द्यायची नाही. कोल्हापूरच्या आजच्या फाउंड्रीवाल्याला विचारा, तोही कानाला हात लावील.

आता त्याच दशकातली दुसरी घटना पाहा. १५४३ साली इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यातल्या बक्स्टेड या खेड्यात बिडाची एकसंध तोफ ओतली गेली. दिसायला ओबडधोबड. बीड काशापेक्षा ठिसूळ, त्यामुळे तोफ जाडजूड करावी लागे, आणि फुटली तर काशासारखी फाटत नसे, तुकडे होऊन गोलंदाजालाच घेऊन जाई. पण बीड कितीतरी स्वस्त होते. काशाच्या एका तोफेच्या किमतीत बिडाच्या अनेक तोफा होत, आणि जहाजांना हव्या होत्या तशाच अनेक. अहमदनगरला जे घडले ते अद्भुत होते, आणि ते एकदा घडले. बक्स्टेडला जे घडले ते सामान्य होते, पण पुन्हा पुन्हा घडवता येत होते.

जहाजावर या ‘पुन्हा पुन्हा’ला फार महत्त्व आहे. किल्ल्यावरची तोफ एका जागी बसते. तिचा गोलंदाज तिचे लाड करतो, तिच्या खोडी ओळखून असतो, तिच्या मापाचे गोळे तिच्याजवळ रचलेले असतात. जहाज हलते, डुलते. जागा अपुरी, धूर डोळ्यांत, तोफ उडाली की मागे सरकून माणसाचे पाय चिरडील अशी स्थिती. त्या गोंधळात तळघरातून वर आलेला गोळा या तोफेचा की त्या तोफेचा, हे तपासत बसायला वेळ कुणाला? गोळा सगळ्या तोफांत बसलाच पाहिजे. म्हणजे नळ्यांची मापे एक हवीत आणि गोळ्यांचीही.

खरे तर तोफेत मोलाची असते ती पोकळी. धातू तिच्याभोवतीचे कुंपण. गोळा आणि नळी यांच्यात थोडी फट ठेवावीच लागते, नाहीतर गोळा आत सरकणार नाही. पण फट जास्त झाली की दारूचा जोर तिच्यातून निसटतो, गोळा नळीत खडखडत जातो आणि बाहेर पडताना कुठे वळेल ते ब्रह्मदेवही सांगू शकत नाही. जुन्या पद्धतीत साच्याच्या मधोमध मातीचा दांडा उभा करून भोवती धातू ओतत. दांडा केसभर कलला की पोकळीही कलली. दोन सख्ख्या बहिणींसारख्या तोफा एकाच दिवशी ओतल्या तरी त्यांची तोंडे जुळत नसत.

आंग्र्यांच्या आरमाराची रचना तत्कालीन इंग्रजांनीच लिहून ठेवली आहे. गुराबेच्या नाळेवर ९ ते १२ पौंडी गोळा टाकणाऱ्या तोफा, बाजूंना ६ ते ९ पौंडी, आणि गलबतांवर त्याहून लहान. उथळ पाण्यात, खाड्यांच्या तोंडाशी ही जहाजे वाऱ्यासारखी फिरत आणि मोठ्या जहाजाला मागून गाठत. पण १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसनच्या युद्धनौका विजयदुर्गासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या खालच्या मजल्यावर याच्या दुपटीहून जड गोळे टाकणाऱ्या तोफांच्या रांगा होत्या. किल्ल्यावर तोफा कमी नव्हत्या, दोनशेच्या आसपास होत्या. त्या दिवशी बंदरात बांधून ठेवलेले आंग्र्यांचे आरमार जळून गेले. आणि इंग्रजांना या कामी साथ होती खुद्द पेशव्यांची. त्या करंटेपणाबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे, म्हणून इथे एवढेच पुरे.

मला त्या घटनेच्या पाच वर्षे आधीचा एक मृत्यू जास्त खुणावतो. १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये बेंजामिन रॉबिन्स नावाचा इंग्रज मरण पावला. वय चव्वेचाळीस. ईस्ट इंडिया कंपनीने किल्ले सुधारण्यासाठी आणलेला हा अभियंता. हा गृहस्थ मुळात गणिती. एक जड फळी दोलकासारखी टांगायची, तिच्यावर गोळी झाडायची आणि फळी किती मागे गेली ते मोजून गोळीचा वेग काढायचा, ही त्याची युक्ती. १७४२ साली त्याने पुस्तक लिहिले आणि दाखवून दिले, की गोळ्याला हवेचा होणारा विरोध सगळे समजत होते त्याच्या कितीतरी पट जास्त आहे. ऑइलरसारख्या महान गणितज्ञाने त्या पुस्तकाचे जर्मन भाषांतर केले. एका टांगलेल्या फळीने तोफखाना हा हातगुणाचा विषय होता तो हिशेबाचा विषय झाला.

पुढची पायरी कारखान्यातली. मातीचा दांडा काढूनच टाकायचा, तोफ भरीव ओतायची आणि नंतर तिला आडवी फिरवून पोलादी पात्याने आरपार कोरायची, ही पद्धत स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या मारित्झने फ्रान्समध्ये रुळवली. १७७४ साली जॉन विल्किन्सनने इंग्लंडमध्ये बिडाच्या तोफा कोरण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. नळी सरळ झाली, फट कमी करता आली. आणि मग एक गंमत झाली. जेम्स वॅटकडे वाफेच्या इंजिनाचे पेटंट १७६९ पासून पडून होते, पण त्याला हवा तसा गोल सिलिंडर कुणी बनवून देईना. वाफ कडेने निसटून जाई. विल्किन्सनने तोफ कोरायच्या विद्येतून सिलिंडर कोरून दिला. पन्नास इंच व्यासाच्या सिलिंडरमधली चूक एका जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही नव्हती, असे वॅटच्या भागीदाराने नोंदवले आहे. १७७६ साली इंजिने चालू झाली. गिरण्या, आगगाड्या, सारे त्यामागून आले. मोजमापाची विद्या एकदा कारखान्यात शिरली की ती तोफेपुरती राहत नाही, हे मला यात महत्त्वाचे वाटते.

तोफा म्हणजे संहाराची साधने, रविवारी सकाळी चहाबरोबर त्यांचे कौतुक कशाला, असे कुणी म्हणेल. मला ते पटते. पण वाईट कोरलेली तोफ कमी माणसे मारते असे नाही. ती आपली माणसे आधी मारते. ‘गोलंदाज’ हा शब्द आपण आता क्रिकेटला देऊन टाकला आहे. मुळात तो तोफेशेजारी उभा राहणाऱ्या माणसाचा. नळीतल्या चुकीची किंमत तो देत असे.

मग आपण ही विद्या शिकलोच नाही का? शिकलो, आणि फार वेगाने शिकलो. महादजी शिंद्यांनी आग्र्याला तोफांचा कारखाना घातला. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या मैदानावर शिंद्यांच्या त्या तोफांनी वेलस्लीच्या फौजेचे दीड हजारांवर सैनिक मारले किंवा जायबंदी केले. ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या, आणि त्या उत्तम होत्या, हे त्यांनीच मान्य केले. कित्येक गोलंदाज तोफ न सोडता जागीच कापले गेले. तरी लढाई हरली. कारण महादजी १७९४ ला गेले, द बॉयन्य युरोपला परतला, युद्ध तोंडावर आले तसे अनेक इंग्रज अधिकारी शिंद्यांची चाकरी सोडून गेले. कारखाना माणसांवर उभा होता. माणसे गेली आणि मागे वह्या, शाळा, परंपरा असे काही उरले नाही. आमच्या बँकेत एखादा मॅनेजर बदलून गेला की शाखा बंद पडत नसे. पण खाती त्याच्या डोक्यात असती तर नक्कीच पडली असती.

विसाव्या शतकातले एक उदाहरण मला फार आवडते. स्वीडनच्या बोफर्स कंपनीने तिथल्या नौदलासाठी १९२८ पासून विमानांवर मारा करणारी ४० मिलिमीटरची स्वयंचलित तोफ बनवायला घेतली. गोळा सुटल्यावर नळी मागे जाते, त्या धक्क्यानेच मागचे दार उघडते, रिकामे काडतूस बाहेर पडते, स्प्रिंग नळीला पुढे ढकलते आणि पुढचे काडतूस आत सरकते. मिनिटाला सुमारे १२० फैरी. वरून चार-चार काडतुसांचे जुडगे टाकत राहायचे, बस्स. तोफ अप्रतिम. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ती बनवायचे ठरवले आणि स्वीडिश आराखडे उघडले, तर त्यांत ठिकठिकाणी सूचना : ‘जोडणीच्या वेळी कानशीने घासून बसवावे’, ‘जोडताना भोक पाडून घ्यावे’. म्हणजे जगातली उत्तमातली उत्तम तोफ अजूनही कसबी फिटरच्या हातगुणावर उभी होती! अमेरिकेत हे काम करणाऱ्यांत क्रायस्लर ही मोटारी बनवणारी कंपनी होती. मेट्रिक मापे इंचांत आणायची, प्रत्येक भागाचे माप आणि चुकीची मर्यादा ठरवायची, म्हणजे कोणताही भाग कोणत्याही तोफेत बसेल, हा खटाटोप करावा लागला. तो झाल्यावर क्रायस्लरने युद्धकाळात सुमारे ६०,००० तोफा बनवल्या. कानशीच्या जागी आकडा आला, एवढाच बदल.

आपली पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ १९६१ साली नौदलात आली तेव्हा तिच्यावर याच जातीच्या तोफा होत्या. पुढे ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी असताना मी मुलांना घेऊन पाहायला गेलो होतो. २०१४ साली ती सुमारे ६० कोटी रुपयांना भंगारात गेली. तोडली गेली दारूखान्यात. मुंबईकरांना दारूखाना म्हणजे भंगारबाजार. मूळ अर्थ तोफेच्या दारूचे कोठार, हे आता कुणाच्या ध्यानातही नसते. मलिक-ए-मैदानवरही ही पाळी येऊन गेली आहे. १८५४ साली इंग्रज सरकारने तिचा लिलाव पुकारला आणि सर्वांत मोठी बोली आली १५० रुपयांची. ती इतकी हास्यास्पद वाटली की विक्री रद्द झाली, म्हणून ती वाचली.

बोफर्स म्हटले की आपल्याला वेगळेच आठवते. १९८६ साली ४१० तोफांचा, १,४३७ कोटींचा करार झाला. पुढे जे राजकारण पेटले ते घरोघरी माहीत आहे. त्या धुरळ्यात एक गोष्ट कुणाच्या लक्षात राहिली नाही. त्या करारानुसार तोफ इथे बनवण्यासाठीचे आराखडेही मिळाले होते. १९९९ साली कारगिलला त्याच तोफा कामी आल्या, आणि तोवर आराखडे कपाटातच होते. शेवटी ते बाहेर निघाले. जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत त्यांच्या आधारावर अधिक लांब नळीची ‘धनुष’ तोफ तयार झाली आणि पहिल्या सहा तोफा लष्कराला मिळाल्या एप्रिल २०१९ मध्ये. म्हणजे कराराला तेहेतीस वर्षे झाल्यावर. मधल्या काळात, २०१७ साली, या तोफेसाठी जर्मन म्हणून चिनी बेअरिंग पुरवल्याच्या आरोपावरून सीबीआयला गुन्हा नोंदवावा लागला. दलाली कुणी खाल्ली यावर आपण तीस वर्षे भांडलो. आराखडे कुठे आहेत, बेअरिंगवरचा शिक्का खरा की खोटा, हे विचारणारे मोजकेच.

यात मी स्वतःला बाजूला काढत नाही. नव्वदच्या आसपास कोल्हापूरच्या एका शाखेत कर्जविभागात होतो. उद्यमनगरातला एक फाउंड्रीवाला अर्ज घेऊन आला. नवीन लेथ नको होता. त्याला मोजमापाची साधने घ्यायची होती, बोअर गेज, मायक्रोमीटर, आणि तपासणीसाठी एक बंद खोली बांधायची होती. मी नियमावर बोट ठेवले. यातून उत्पादन किती वाढणार, ते दाखवा म्हणालो. तो म्हणाला, “सायेब, माल लेथवर निघतोय, पर गिऱ्हाईक मापावर टिकतंय.” मी हसलो आणि अर्ज परत केला. लेथसाठी मागितले असते तर दिले असते, असेही वर ऐकवले. दोन वर्षांनी कळले, की माप चुकल्यामुळे त्याचा मोठ्या ऑर्डरचा माल परत आला आणि तो धंदा सांभाळू शकला नाही. त्याची कर्जफाइल माझ्या हाताखालून गेली नाही, म्हणून ते नुकसान बँकेच्या कोणत्याही खात्यात दिसले नाही. माझ्या खात्यात ते आहे.

तर नातवाच्या प्रश्नाचे उत्तर. आपल्या तोफा कुठे आहेत? काही वितळल्या, काही बुडाल्या, काही भंगारात गेल्या, आणि पुष्कळशा आजही किल्ल्यांवर पडून आहेत. त्या कोणत्या, हे ओळखण्याइतके आपण त्यांना मोजलेले नाही. जंजिऱ्याची कलालबांगडी पंचधातूची आहे, उन्हात तापत नाही, हे गाइड तोंडपाठ सांगतात. तिची नळी किती रुंद, हे विचारा, की तो पुढच्या पर्यटकाकडे वळतो. हल्ली गडप्रेमी तरुण दरीत पडलेल्या तोफा खांद्यावर वाहून वर आणतात, पदरमोड करून सागवानी गाडे बसवतात. त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. त्यांना एवढीच विनंती, की गाड्यावर चढवण्याआधी तोफ मोजा. लांबी, तोंडाचा व्यास, कानांची जाडी, पाठीवरचे प्रत्येक अक्षर. आणि कृपा करून काळा ऑइलपेंट फासू नका. त्याखाली ते तीन आकडे कायमचे बुजतात. पुरातत्त्व खात्याने या नोंदींची एकच वही करावी आणि ती सर्वांना पाहता यावी. तोफ इंग्रजी निघाली तर तसे लिहावे, डच निघाली तर तसे. त्याने महाराजांचे किंवा कान्होजींचे काही कमी होत नाही. टोपीकरांचे बळ आरमारात आणि दारूगोळ्यात आहे, हे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात अठराव्या शतकाच्या सुरुवातीलाच स्पष्ट लिहिलेले आहे. आपल्या पूर्वजांना प्रतिस्पर्ध्याचे बळ नोंदवायची लाज वाटत नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुन्हा कुलाब्याला जाणार आहोत. आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप नातवाने आतापासूनच मागून ठेवली आहे. मी एक शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर त्याने रकाने आखले : किल्ला, लांबी, तोंड, आकडे. चौथा रकाना मात्र त्याने तीन भागांत विभागला आणि मला विचारले, “आजोबा, मधल्या रकान्यात तीनच्या वर आकडा आला तर?”

“तर पुन्हा वाचायचा,” मी म्हणालो.